सोपं करून देऊ का?

पुलाच्या टोकाशी उभा असलेला तो राक्षस आता मला घरातल्या माणसाइतका ओळखीचा झाला आहे. त्याचा डावा खांदा खाली गेला की गदा उजवीकडून येते. मान मागे गेली की तोंडातून आग. मधे एकदा तो दम खायला थांबतो, तेवढ्यात त्याच्या गुडघ्यावर वार करायचा. हे सगळं मला कळतं; माझ्या अंगठ्याला कळत नाही. डोक्यातून सुटलेला 'बाजूला हो' हा हुकूम साध्या टपालाने अंगठ्यापर्यंत पोचतो, तोवर मी पुलावर आडवा झालेला असतो आणि राक्षस पुन्हा आपल्या जागी, गावचाच नसल्यासारखा.

मरणाबद्दल माझी तक्रार नाही. व्हिडिओ गेम हातात घेतला की मरण आलंच, आणि इथलं मरण तसं सोयीचं असतं. अर्ध्या मिनिटात माणूस धडधाकट होऊन पुन्हा पुलाच्या अलीकडे उभा. तक्रार आहे ती त्या अर्ध्या मिनिटाबद्दल. अकराव्यांदा मेलो तेव्हा पडदा काळवंडला, संगीत थांबलं आणि मधोमध एक अदबशीर चौकट उगवली. 'हा भाग तुम्हाला अवघड जातोय असं दिसतं. सोपं करून देऊ का?' खाली दोन बटणं. हो. नाही.

खरं तर ते इंग्रजीत लिहिलं होतं. पण अपमान वाचताना माणूस आपोआप भाषांतर करतो.

शेजारी अकरा वर्षांची भाची बसली होती. माझी मरणं ती वहीच्या मागच्या पानावर मांडत होती, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. ती म्हणाली, "मामा, हो म्हण ना. लिंबूटिंबू मोड आहे तो."

लिंबूटिंबू! लपाछपीत, पकडापकडीत सगळ्यात धाकट्याला हा हुद्दा मिळायचा. त्याच्यावर राज्य येत नसे, तो बाद होत नसे, तो नुसता सगळ्यांच्या मागे किंचाळत पळत असे आणि घरी जाऊन आपण कसे एकदाही सापडलो नाही ते सांगत असे. लिंबूटिंबूचं सगळं सुख आपण लिंबूटिंबू आहोत हे ठाऊक नसण्यात असतं. मला मात्र ते रीतसर कळवण्यात आलं होतं, वर माझी संमतीही मागितली होती. मी 'नाही' दाबलं. जरा जोरातच दाबलं.

मग त्या रात्री पुलावर न जाता मी वाचत बसलो. हरणाऱ्या माणसाची दया येण्याची ही खोड यंत्रांना लागली तरी कधी, हे मला बघायचं होतं.

सुरुवातीला तसं काही नव्हतं. 1972 साली अटारीचं 'पाँग' आलं, त्यावर खेळण्याची सूचना होती, तिचा अर्थ एवढाच: जास्त गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका. संपलं. हे वाक्य मला अजूनही समस्त उपदेशपर वाङ्मयाचं सार वाटतं. पुढे नाणं टाकून खेळायची यंत्रं जिकडेतिकडे झाली आणि त्यांचं पोट तुमच्या हरण्यावर अवलंबून असल्यामुळे दयेचा प्रश्नच मिटला. तुम्ही मेलात की पडद्यावर दहा, नऊ, आठ असे आकडे उलटे सुरू व्हायचे आणि शून्याच्या आत खिशातून दुसरं नाणं काढायचं. रोखठोक व्यवहार. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये तर शत्रू जसजसे कमी होत, तसतसे उरलेले जास्त जोरात धावत. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी हे मुळात ठरवून केलेलं नव्हतं. पडद्यावर काढायला शत्रू कमी उरले की बिचाऱ्या प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं आणि तो सुसाट सुटायचा. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. भराभर काम उरकणाऱ्यावर आणखी काम लादायचं, हे शहाणपण यंत्राला असं आपसूक सुचलं. 'पॅक-मॅन' याच्याही पुढचं. तिथे एकही चूक न करता 256व्या लेव्हलपर्यंत गेलात तर लेव्हल मोजायची जागाच अपुरी पडते आणि उजवा अर्धा पडदा अगम्य अक्षरांनी भरून जातो. इतकं चांगलं खेळलात तर बक्षीस काय, यंत्राला वेड लागतं.

घरी खेळायचे गेम आले तरी निर्दयपणा लगेच गेला नाही. 1994 च्या 'द लायन किंग'ची दुसरी लेव्हल मुद्दाम अवघड करून ठेवली होती, असं तो बनवणाऱ्यांपैकी एकाने नंतर सांगितलं. कारण गेम भाड्याने मिळत. दोन दिवसांत पोराने खेळ संपवला तर विकत कोण घेणार? म्हणजे त्या लेव्हलमधल्या शहामृगावर बसून आपटलेली सगळी मुलं स्वतःला ढ समजत राहिली, आणि खरं भांडण दोन दुकानदारांचं होतं.

या सगळ्या इतिहासात मला एकच माणूस आपला वाटला. काझुहिसा हाशिमोतो. कोनामी कंपनीत ते 'ग्रेडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. 1986 ची गोष्ट. तपासायचा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बघायला हवा, आणि तो त्यांना जमेना. स्वतःच्या हातातला गेम, आणि स्वतःलाच झेपेना! मग त्यांनी एक गुपचूप किल्ली घातली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. एवढं दाबलं की सगळी शस्त्रं पदरात. गेम बाहेर पडताना ती किल्ली आतच राहिली आणि जगभर मंत्रासारखी पाठ झाली. मी तिला लबाडी म्हणणार नाही. सुगरणीने आपला पदार्थ फसलाय हे चाखून कबूल करावं, तसला तो प्रांजळपणा आहे.

ही हकीकत मी भाचीला सांगितली तेव्हा तिने विचारलं, "मग तुझ्या गेममध्ये असलं काही नाहीये का?" नाही. माझ्या गेममध्ये फक्त चौकट आहे.

तर दया आली, पण येताना टोमणे घेऊन आली. 1992 च्या 'वुल्फेन्स्टाइन 3डी'मध्ये सगळ्यात सोप्या पातळीचं नाव 'बाबा, मी खेळू?' अशा अर्थाचं होतं आणि ती निवडताना तुमच्या दणकट नायकाचा चेहरा दिसायचा: डोक्याला टोपडं, तोंडात चोखणी. 2005 च्या 'निन्जा गायडन ब्लॅक'मध्ये सुरुवातीलाच तीनदा मेलात की 'निन्जा डॉग' व्हायची सवलत मिळे. निन्जा कुत्रा. वर दंडाला रंगीत फीत बांधावी लागे, उगाच कुणाचा गैरसमज व्हायला नको. 'मेटल गिअर सॉलिड 5' हा 2015 चा, म्हणजे तोवर जग बरंच सुधारलं होतं. त्यात वारंवार मरणाऱ्याला डोक्यावर घालायला एक कोंबडी देतात. कोंबडीची टोपी. ती घातली की पहारेकरी तुम्हाला पाहूनही लगेच बोंब ठोकत नाहीत. मला ते पटतं. डोक्यावर कोंबडी घालून सरपटत येणारा माणूस दिसला तर मीही आधी नीट बघून घेईन.

त्यातल्या त्यात सभ्य म्हणजे मारिओवाले. 2009 च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एकाच लेव्हलला आठ वेळा मेलात की एक हिरवी पेटी दिसू लागते. तिला टक्कर दिली की मारिओचा धाकटा भाऊ लुइजी येतो आणि सगळी लेव्हल आपणहून खेळून दाखवतो. थोरल्याची अब्रू धाकट्याने झाकायची.

हे ऐकून भाची थोडा वेळ गप्प बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, मी हिरवी पेटी होऊ का?"

तिचा हेतू चांगला होता, म्हणून तर जास्त लागलं. मी कंट्रोलर दुसऱ्या हातात घेतला. स्वयंपाकघरातून तिची आई, म्हणजे माझी ताई, डोकावली आणि म्हणाली, "अजून त्याच पुलावर आहेस?"

इथपर्यंत ठीक होतं. टोमणा मारून का होईना, तोंडावर मारत होते. पण वाचता वाचता मला दुसऱ्याच प्रकारची दया सापडली आणि त्या रात्री झोप गेली. 'रेसिडेंट ईव्हिल 4', साल 2005. तो काही विचारत नाही, टोपडं घालत नाही. तुम्ही फार मरताय हे तो मनात ठेवतो आणि पुढच्या खेपेला दोन-चार शत्रू गुपचूप कमी करतो. 2017 साली गेम बनवणाऱ्या मंडळींनी ट्विटरवर असल्या गुपितांच्या कबुलीजबाबांची माळच लावली. 'बायोशॉक'मध्ये शत्रूची पहिली गोळी तुम्हाला लागतच नाही, म्हणे. तुम्ही सावध व्हावं म्हणून ती मुद्दाम चुकवलेली असते. 'असॅसिन्स क्रीड' आणि 'डूम'मध्ये जीवनाच्या पट्टीचा शेवटचा थेंब दिसतो त्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणजे आपण कसे मरता मरता वाचलो असं खेळणाऱ्याला वाटावं.

माझ्या खात्यावर जे काही मोजके पराक्रम आहेत ते सगळे, एकूण एक, शेवटच्या थेंबावरचे आहेत. मी ते लोकांना सांगितलेले आहेत. हातवारे करून. काहींना दोनदा.

'सिव्हिलायझेशन' हा गेम बनवणारे सिड मायर यांनी 2010 साली गेमकारांच्या परिषदेतल्या भाषणात असलाच अनुभव सांगितला. लढाईत तुमची बाजू तिनास एक अशी भारी दाखवली आणि तरी तुम्ही हरलात, तर खेळणारे चिडायचे. तीन म्हणजे केवढे आणि एक म्हणजे केवढा, असा त्यांचा सवाल. चारातून एकदा हरणं हेच तिनास एक, हे गणित कुणालाच मान्य नव्हतं. मग गणिताला खेळणाऱ्यांच्या कलाने घ्यावं लागलं. मायर साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चिडणाऱ्यांत मीही होतो.

आणि दयेचा धंदा होणार हे उघडच होतं. जिथे नवी पात्रं सोडतीतून काढावी लागतात, त्या गेममध्ये दया ही अधिकृत हिशेबाची बाब आहे. खेळणारे तिला 'पिटी'च म्हणतात. 2020 च्या 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये ओळीने 89 वेळा हाती कचरा आला तर नव्वदाव्या खेपेला पंचतारांकित काहीतरी मिळणारच. "माझी पिटी सत्तरवर आलीये," असं एक पोरगं मला मोठ्या समाधानाने म्हणालं होतं. सत्तर वेळा फसल्याचं इतकं समाधान मी पहिल्यांदाच पाहिलं. 2017 मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2'त डार्थ व्हेडर हा गाजलेला खलनायक कुलपात ठेवला म्हणून लोक भडकले, तेव्हा कंपनीने खुलासा केला की कुलूप उघडताना तुम्हाला अभिमान आणि कर्तृत्वाचा आनंद मिळावा म्हणून ही योजना आहे. त्या खुलाशाला रेडिटवर सहा लाखांहून जास्त नापसंत्या पडल्या आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पुढच्या वर्षी बेल्जियमने आत काय निघेल ते न सांगता गेममध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या नशिबाच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. तरी कंपनीचं एक म्हणणं खरंच होतं. कर्तृत्वाचा आनंद लोकांना मिळाला, फक्त तो नापसंतीचं बटण दाबताना.

दुसऱ्या टोकाला 'डार्क सोल्स'वाले. 2011 पासून त्यांचा बाणा एकच: सोपी पातळी नाही, मेलात तर 'तुम्ही मेलात' एवढं लाल अक्षरांत लिहू, पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्याचे भक्त तुम्हाला एकच सल्ला देतात, "गिट गुड." चांगलं खेळायला शीक. पाँगच्या सूचनेनंतर इतकी मोलाची मदत मी पाहिलेली नाही. 2018 चा 'सेलेस्ट' मात्र म्हणतो की जितके जास्त मरताय तितके जास्त शिकताय, मरणांच्या आकड्याचा अभिमान बाळगा. मी भाचीच्या वहीकडे पाहिलं. सदतीस. अभिमान आणायचा प्रयत्न करून पाहिला. दोन-तीन मिनिटं करून पाहिला.

काल रात्री घरात सामसूम झाल्यावर मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, भाची झोपलीय याची खात्री केली आणि पुलावर गेलो. अडतिसाव्यांदा गदा उजवीकडून आली. चौकट उगवली. सोपं करून देऊ का?

मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच 'हो' दाबलं.

राक्षस दिसायला तसाच होता, पण गदा आता पाण्याखालून फिरवल्यासारखी येत होती. मान मागे जाऊन आग बाहेर पडेपर्यंत मला चष्मा पुसायला वेळ मिळाला असता. गुडघ्यावर एक वार बसला. दुसरा बसला. त्याच्या जीवनाची पट्टी निम्म्यावर आली, पाव उरली. माझी छाती धडधडायला लागली, जिंकल्यावर काय करायचं याचा विचार मनात आला, आणि नेमकं तेव्हाच मी बाजूला व्हायचं म्हणून जी उडी मारली ती पुलाच्या कठड्यावरून थेट खाली, दरीत.

पडदा काळवंडला. मी चौकटीची वाट पाहिली. अंगठा 'हो'वर तयार होता, आता कसली लाज? चौकट आली नाही. याहून खालची पातळी त्यांच्याकडे नव्हती. बराच वेळ काहीच झालं नाही आणि मग खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक सूचना उमटली: 'पुलावरून जाताना दरीत पडू नका.'