‘घुसखोरांचा पुळका’ म्हणणाऱ्या कॉमेंटला उत्तर

दादा, बांगलादेशी असल्याच्या संशयावरून होणाऱ्या बंगाली कामगारांच्या धरपकडीवरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की ताई, तुम्हाला घुसखोरांचा एवढा पुळका कशासाठी, मराठी पोरांना काम नाही ते दिसत नाही का, आणि ज्याचे कागद खरे आहेत त्याला भीती कशाची, दाखवायचे आणि मोकळं व्हायचं. तुम्ही वसईला साइट सुपरवायझर आहात, या लोकांबरोबर रोज काम करता असंही लिहिलंय, म्हणून नीट उत्तर देतेय. लांबेल, पण वाचा.

कागदांपासूनच सुरू करते. जून 2025 मध्ये मुंबईच्या आसपासच्या भागातून काही कामगारांना उचललं, सीमेवर नेलं आणि बांगलादेशात ढकललं. त्यातले मुर्शिदाबाद आणि बर्धमानकडचे काही जण थोड्याच दिवसांत परत आले, कारण पश्चिम बंगालच्या पोलिसांनी पडताळणी केली तर ते इथलेच निघाले, आणि मग आपल्या सीमा दलाने, बीएसएफने, बांगलादेशच्या सीमा दलाशी, बीजीबीशी, फ्लॅग मीटिंग (सीमेवरची बैठक) करून त्यांना परत घेतलं. म्हणजे कागद होते हो! बघायला कुणी थांबलं नाही. दिल्लीत तर बीरभूमच्या एका गरोदर बाईला, तिच्या नवऱ्याला आणि लहान मुलाला उचलून काही दिवसांत सीमेपार केलं, तिकडच्या पोलिसांनी घुसखोर म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता हायकोर्टाने परत आणा म्हणून सांगितलं तरी ती बाई आणि मुलगा यायला डिसेंबर उजाडला. आणि गृह मंत्रालयाचंच 2 मे 2025 चं पत्र आहे की संशयित माणूस स्वतःला भारतीय म्हणत असेल तर त्याच्या राज्याकडून तीस दिवसांत चौकशी करून घ्यायची. हायकोर्टाने नेमकं हेच विचारलं, एवढी घाई कशाची होती. आमची मागणीही याच्यापेक्षा मोठी नाहीये, सरकारने स्वतः लिहिलेलं सरकारने पाळावं.

आता कागद दाखवायचे म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण आम्ही काही जण हेच काम करतो. माणसाला पोलीस ठाण्यात नेलं की त्याचा फोन काढून घेतात, मग घरच्यांना कळेपर्यंत अर्धा दिवस जातो, ते गावाकडे फोन करतात, गावाकडून व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, माध्यमिकचं, म्हणजे दहावीचं, अॅडमिट कार्ड (तिकडे जन्मतारखेला तेच चालतं), जमिनीचा पर्चा (आपल्या सातबाऱ्यासारखा), 2002 च्या मतदार यादीतलं वडिलांचं नाव, पंचायतीच्या प्रधानाचा, म्हणजे सरपंचाचा, दाखला. यातलं बरंचसं बांगला लिपीत. इथल्या ड्युटीवरच्या हवालदाराला ते वाचता येत नाही, त्यात त्याचा दोष नाही, पण मग ते वाचून घ्यायची व्यवस्था कुणीतरी करायला हवी ना? आम्ही एका ठाण्यात असे अनुवाद करून घेऊन गेलो तर आधार आहे का विचारलं, आधार दिलं तर म्हणाले आधार काय कुणीही काढतं. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानेही म्हटलंय की आधार, पॅन, मतदार कार्ड यांनी नागरिकत्व सिद्ध होत नाही. बरं, मग कशाने होतं? तुमच्याकडे तरी यापेक्षा वेगळा कोणता कागद आहे, दादा? माझ्याकडे नाही. तुम्हाला कुणी विचारत नाही, त्याला विचारतात, कारण तो बंगाली बोलतो आणि त्याचं नाव मुसलमानी आहे, फरक एवढाच.

आणि कायद्यात मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच असते, 1946 च्या कायद्यापासून तसंच चालत आलंय. म्हणूनच सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये सांगितलं की उठून कुणाचंही दार वाजवायचं आणि आम्हाला तुझा संशय येतो म्हणायचं, असं चालणार नाही, संशयाला आधी काहीतरी आधार लागतो. ती केस आसामच्या एका माणसाची होती, त्याला 2012 मध्ये ट्रिब्युनलने (परदेशी कोण हे ठरवणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणाने) तो हजर राहिला नाही म्हणून परदेशी ठरवलं होतं, आणि नंतर परत ठरवलं ते कागदांवरच्या नावांच्या स्पेलिंगमध्ये आणि तारखांमध्ये फरक म्हणून. सुप्रीम कोर्टाने तो भारतीय असल्याचा निकाल दिला तेव्हा त्याला वारून अडीच वर्षं झाली होती. नावांचे घोळ आपल्याकडे किती असतात ते तुम्हीच आठवा, बायकांचं तर लग्नानंतर अख्खं नाव बदलतं.

मुंबईत हे पहिल्यांदाही होत नाहीये. जुलै 1998 मध्ये जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमान कामगारांना पोलीस बंदोबस्तात कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने नेलं होतं आणि उलुबेडिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडवलं, ही आपली माणसं आहेत म्हणून. आणि नुसत्या संशयावर उचलणं म्हणजे काय हे आपल्याच पारध्यांना विचारा की. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून गेला, तरी कुठे चोरी झाली की आधी पालावर गाडी येते. भटक्या-विमुक्तांतल्या किती जणांकडे आजही जन्माचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, राहायचा पत्ता नाही. उद्या सगळ्यांनाच कागद दाखवा म्हणाले तर सगळ्यात आधी हे अडकतील, आणि ते शंभर टक्के मराठी मुलखातले आहेत.

मराठी पोरांच्या कामाचं म्हणालात, तो प्रश्न खरा आहे, मी तो झटकत नाही. पण साइटवर रेट कोण पाडतं? ज्या माणसाला पोलिसांची भीती आहे तो थकलेला पगार मागत नाही, ओव्हरटाइम मागत नाही, पडला झडला तर भरपाई मागत नाही, आणि कंत्राटदाराला नेमका असाच माणूस हवा असतो. मग शेजारी काम करणाऱ्या जालन्याच्या पोरालाही त्याच रेटने काम करावं लागतं. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, त्यात कंत्राटदाराने प्रत्येकाला फोटोचं पासबुक द्यायचं, वर महिन्याच्या पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता द्यायचा असं लिहिलेलं होतं. तुम्ही इतकी वर्षं साइटवर आहात, कुणाच्या हातात असं पासबुक पाहिलंत का? ते असतं तर कोण कुठला हे दहा मिनिटांत कळलं असतं आणि धरपकडीची वेळच आली नसती.

राहिलं ते, खरंच कुणी बांगलादेशचा असला तर? असतात, मी नाही कुठे म्हणतेय. तर त्याला कोर्टापुढे उभं करा, वकील द्या, बांगलादेश सरकारकडून तो त्यांचाच आहे हे पक्कं करा आणि रीतसर त्यांच्या ताब्यात द्या. अटक केलेल्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं हे कलम 22 मध्ये आहे आणि ते फक्त नागरिकांसाठी नाही. मध्यरात्री पोराबाळांसकट काटेरी कुंपणापलीकडे ढकलून द्यायला मात्र कुठल्याही कायद्यात जागा नाही, मग माणूस कुठलाही असो.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, तुम्ही सुपरवायझर आहात म्हणून. तुमच्या साइटवर जे बाहेरचे कामगार आहेत, बंगालचे, झारखंडचे, बिहारचे सगळेच, त्यांचं एक रजिस्टर कराल का? गाव, तिथलं पोलीस ठाणं, पंचायतीच्या प्रधानाचा किंवा मुखियाचा फोन, घरातल्या एका माणसाचा नंबर, बस. कुणाला रात्री नेलं तर पहिल्या दोन-तीन तासांत हे हाताशी असलं की आम्हाला वकील उभा करता येतो आणि तिकडच्या पोलिसांकडून पडताळणीचा मेल मागवता येतो, नंतर फार अवघड जातं. नमुना हवा असेल तर इथेच सांगा, मराठी आणि बंगाली दोन्हीत करून देते.