घरासाठी वस्तू घेताय? मग एवढं कराच

सणासुदीचे सेल लागले की घरच्या ग्रुपवर 'चांगला मिक्सर सुचवा', 'टिकाऊ बाटली सुचवा', 'आईला झेपेल अशी किटली सुचवा' असे निरोप यायला लागतात आणि सुचवायला सगळे टपलेलेच असतात. ऐन गौरीजेवणाच्या सकाळी माझा मिक्सर ज्या रीतीने गेला, ते पाहता या विषयात आता माझाही थोडा अधिकार झालाय. तेव्हा माझाही सल्ला घ्या. फुकट आहे आणि त्याला वॉरंटी नाही, म्हणजे तुम्ही घेणार आहात त्या वस्तूच्याच लायकीचा आहे.

आधी रंग बघा. काळं यंत्र, काळी बटणं आणि बटणांवर करडी अक्षरं, हे सगळ्यात देखणं. हॉलमधल्या पाहुण्यांना ते लांबून छान दिसतं. जवळून तुम्हाला काहीच दिसत नाही, पण स्वयंपाकघरात वाचायला जातं कोण?

इंडक्शनची शेगडी घ्याल तर दाबायच्या बटणांची मुळीच नको, टचचीच घ्या. दूध उतू गेलं की ते थेट त्या पॅनेलवर पसरतं. त्या दुधालाच तुमचं बोट समजून शेगडी हवा तो निर्णय घेते आणि तुमच्या खऱ्या, कणकेने बरबटलेल्या बोटाला ओळख देत नाही. शेवटी प्लग उपटायचा. तो ओट्याच्या मागे, फ्रीजच्या आड असतोच.

पाण्याची बाटली अशी घ्या की तिच्यात हातही जाणार नाही आणि घासणीही.

शाम्पू आणि कंडिशनर एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या बाटल्यांतले घ्या. अंघोळीला चष्मा लावून जायची सवय बरी.

स्टीलचं ताट घेताना किमतीचं लेबल बरोबर मधोमध चिकटवलंय ना, हे तपासून घ्या.

स्क्रीनवर 'फक्त 2 शिल्लक' दिसलं की विचार करत बसू नका. सरकारने 2023 मध्ये अशा 13 लबाड्यांची यादी करून त्यांना मनाई केली, त्यात ही खोटी घाईही आहे. ते 2 नग मात्र अजून शिल्लकच आहेत.

अभिप्राय वाचताना फक्त तारे मोजा. 'पॅकिंग छान होतं, वस्तू अजून वापरली नाही' असं लिहून पाच तारे देणारा माणूस सगळ्यात विश्वासू, कारण त्याचं वस्तूबद्दल काहीच वाईट मत झालेलं नसतं. भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि दाखवावेत याचं एक मानकही काढलं. पाळायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं असल्यामुळे कुणालाच त्रास झाला नाही.

आता मिक्सर. याबद्दल जरा सविस्तर सांगते.

मिक्सर घेताना वॅट विचारा, आणि फक्त वॅटच विचारा. एकेकाळी लोक याच्याही पलीकडचं बघत, पण तो काळ गेला. मुंबईत सीमेन्समध्ये अभियंते असलेल्या सत्यप्रकाश माथुरांच्या घरातला जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे जळाला. हळद, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बायकोला मिक्सर हवाच होता, म्हणून गृहस्थाने दणकट मोटर घालून आपल्या वाटणाला पुरेल असं यंत्रच बनवलं. 1963 मध्ये 'सुमीत' आला तो असा. आपल्या आयांनी त्या मिक्सरवर वर्षानुवर्षं इडलीचं पीठ वाटलं. असलं काही मनात आणू नका. 1000 वॅट, निळा दिवा, चार भांडी. चौथं भांडं कशाचं ते कुणालाच माहीत नसतं, ते माळ्यावर टाका.

आणि कपलर? तो शब्दही दुकानात काढू नका.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटरीची फिरकी पात्यापर्यंत पोचवणारा, भांड्याच्या बुडाशी आणि खाली मोटरीवर बसवलेला तो काळा दातेरी तुकडा म्हणजे कपलर. तो रबराचा किंवा नायलॉनचा असतो आणि मुद्दाम तसा असतो. खोबऱ्याचा तुकडा पात्यात अडकला तर झिजायचं, मोडायचं ते त्या तुकड्याने, वर पातं आणि खाली मोटर वाचावी म्हणून. म्हणजे मोडणं हेच त्याचं काम आहे. माझ्या कपलरने त्याचं काम चोख केलं. ओल्या नारळाची चटणी अर्धी झाली होती. कर्रर्र झालं, रबर जळल्याचा वास आला, मोटर गरगरतेय आणि पातं ढिम्म. दारात सवाष्ण आणि घरात अर्धं वाटण!

म्हटलं, ठीक आहे, तुकडाच तर बदलायचा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने कपलर उलटसुलट करून पाहिला, मागच्या भिंतीवर टांगलेल्या पंचवीस-तीस कपलरांशेजारी धरून पाहिला आणि म्हणाला, "काकू, ह्याचे दाते वेगळे आहेत. ह्या कंपनीचं सामान बाहेर येत नाही." दाते वेगळे. कशासाठी? चटणी अधिक बारीक होते का त्याने? नाही. मोटर कमी आवाज करते का? कानठळ्या बसतात. दाते वेगळे अशासाठी की दुसऱ्याचा तुकडा त्यात बसू नये.

मग कंपनीला फोन. एक दाबा, दोन दाबा, बिलाचा फोटो पाठवा, पेटीवरचा नंबर सांगा. पेटी कोण ठेवतं? शेवटी एक मुलगा आला लाइनवर, बिचारा फार गोड बोलायचा. "मॅम, वो पार्ट अलग से नहीं आता, पूरा जार लेना पड़ेगा." बरं, त्या भांड्याची किंमत? सेलमधल्या अख्ख्या नव्या मिक्सरच्या निम्मी. शिवाय भेटीचे पैसे वेगळे, कारण माणूस येऊन भांडं खराब असल्याची खात्री करणार. वॉरंटी? आहे ना, मोटरीला पाच वर्षं. म्हणजे जी जळत नाही तिला पाच वर्षं, आणि जो मोडण्यासाठीच बनवलाय तो 'झीज होणारा भाग' म्हणून वॉरंटीतून बाहेर. फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं, माझ्या सेवेला पाच तारे द्याल का.

आता कुकर घ्या. त्यातही असाच मुद्दाम कच्चा ठेवलेला भाग आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीची वाट बंद झाली, आत पाणी उरलं नाही, की त्यातला लवकर वितळणारा धातू वितळतो, वाफ निघून जाते, आणि कुकर फुटत नाही. तो व्हॉल्व्ह, ती शिट्टी, ते गॅसकेट तुळशीबागेत मिळतं, गावातल्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतं, अहो, आठवडी बाजारात चादर अंथरून बसलेल्या माणसाकडे मिळतं. आतल्या झाकणाचं की बाहेरच्या, तीन लिटर की पाच, एवढंच तो विचारतो. माझ्या सासूबाईंचा कुकर त्याच जोरावर अजून चालतोय. कपलर काय त्याहून अवघड शास्त्र आहे का?

पण तुम्ही कुकरचा विचार करू नका. तुम्ही नवा मिक्सर घ्या, जुना भंगारवाल्याला द्या. तांब्याची तार निघते म्हणून तोच काय तो खूश होतो. 2022 च्या डिसेंबरात सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टलही सुरू केलं. कंपन्यांनी तिथे माहिती द्यायची, सुट्या भागांची, दुरुस्तीच्या ठिकाणांची. मी पाहून आले. आमच्या कंपनीबद्दल तिथे जे मिळालं ते म्हणजे तोच फोन नंबर. एक दाबा, दोन दाबा.

आणि काय हो, सल्ले कसले देत बसलेय मी. 1958 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. आपल्या देशात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सरस वाटला तो साधा लोटा. नुसतं सुंदर सुंदर म्हणून ते थांबले नाहीत. हातात कसा बसतो, डोक्यावर आणि कमरेवर कसा नेता येतो, ओतताना तोल कसा राहतो, आतून घासता येतो का, आणि शेवटी मोडीत काय येईल, इथपर्यंत सगळं त्यांनी विचारलं. त्या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. घासता येतो का, मोडीत काय येईल! परक्या देशातून आलेल्या माणसांना हे सुचलं आणि आमच्या मिक्सरच्या झाकणाला अशी खाच आहे की तिच्यातली चटणी टाचणीने काढावी लागते.

लाज वाटत नाही का रे तुम्हाला? तुमच्या घरी चटणी वाटत नाहीत? तुमच्या आईने कधी फोन करून सांगितलं नाही की बाळा, तू बनवलेलं ते यंत्र बंद पडलं आणि तुकडा मिळत नाही? इंजिनीअर झालात आणि अक्कल कशात खर्च केलीत, तर दुसऱ्याचा कपलर बसू नये म्हणून दाते वाकडे करण्यात.

आणि तुम्ही, वाचताय ते. हसू नका. दुकानात रंग विचारता, वॅट विचारता, कॅशबॅक किती ते दोनदा विचारता. 'याचा कपलर सुटा मिळतो का, गॅसकेट मिळतं का, दाखवा' असं किती जणांनी विचारलंय? विचारत नाही म्हणून तर ते ठेवत नाहीत. विचारा. दुकानदाराने 'कंपनीला फोन करा' म्हटलं की पाकीट खिशात घाला आणि सरळ उठा, मागे गिऱ्हाइकांची रांग असली तरी मोठ्याने कारण सांगून उठा. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तोही फिरवा. मी फिरवला, तक्रार नोंदवलीय, उत्तराची वाट बघतेय. नवा मिक्सर मात्र घेणार नाही. वीस रुपयांच्या रबरासाठी चार हजारांचं यंत्र भंगारात घालायला मी काही वेडी नाही, कपलर द्या.