तासाच्या लग्नाला तासच
आमचे काका 2004 सालच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. डीव्हीकॅमची, म्हणजे शूटिंगवाल्यांच्या डिजिटल फितीची. 2005 आणि 2019 चे कृष्णेचे दोन्ही महापूर तिनं सांगलीत मारुती चौकातल्या माळ्यावर बसून काढलेत. म्हणाले, "एवढं कॉम्प्युटरवर घे की. कॉपी-पेस्टच तर हाय."

कॉपी-पेस्ट! वरचं चित्र डिजिटल असलं तरी फीत ती फीतच. ती डेकमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, आपल्याच चालीनं फिरणार आणि तासाच्या लग्नाला तासच लागणार. मंगलाष्टकांत गुरुजी दम घ्यायला थांबले की आपणही थांबायचं. आहेर स्वीकारताना तर कुणाचंही नाव गाळायची सोय नाही.

डेक मिरजेच्या एका जुन्या शूटिंगवाल्याकडून आणला. वजन असं की रिक्षावाल्यानं विचारलं, "सिलिंडर हाय काय?" डेकच्या मागं फायरवायरचं, म्हणजे चित्र कॉम्प्युटरवर न्यायच्या वायरीचं, सहा पिनांचं भोक, माझ्या जुन्या लॅपटॉपला चार पिनांचं आणि नव्याला भोकच नाही. वायर मागितली की तरुण दुकानदार यूएसबी दाखवायचे, वयस्कर दुकानदार उसासा टाकायचे.

शेवटी जोडणी झाली. स्क्रीनवर डेक दिसला, पण प्ले दाबलं तरी ढिम्म. अशा डेकच्या तोंडावर लोकल-रिमोटचं एक बारकं बटण असतं. लोकलवर असला तर तो फक्त माणसाच्या बोटाचं ऐकतो, कॉम्प्युटरला जुमानत नाही. मालकानं ते लोकलवर ठेवून वर चिकटपट्टी मारली होती. असा बंदोबस्त मी बँकेतही पाहिलेला नाही.

मग टाइमकोड, म्हणजे फितीवर प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा आकडा. एखादा शॉट पकडायचा तर डेक आधी काही सेकंद मागं सरकतो, फीत वेगात आली की आकडे जुळवतो आणि मगच कॅप्चर, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवणं, सुरू होतं. त्यासाठी आकडे सलग हवेत. पण लग्नाच्या शूटिंगवाल्यानं मधूनच "आलंय का बघू" म्हणून फीत मागं-पुढं केलेली. मध्ये कोरा तुकडा सुटला आणि तिथून मोजणी पुन्हा शून्यापासून. त्यामुळं एकाच कॅसेटवर शून्य मिनिटाला नवरदेवही येतो आणि जिलेबीही. सॉफ्टवेअरला नवरदेव आणायला धाडलं की ते जिलेबी घेऊन येतं.

सेकंदाला 25 फ्रेम. त्यातली एक सुटली की कॅप्चर बंद, तेही अक्षता हवेत असताना. अँटीव्हायरसला हार्ड डिस्क तपासायची लहर नेमकी तेव्हाच येते. व्होल्टेजचा भरवसा नको म्हणून मी घरात मिक्सरबंदी पुकारली. "लग्न त्यांचं आणि उपास आम्हाला," बायको म्हणाली. चटणीवाचून जेवण म्हणजे तिच्या लेखी उपासच.

उतरलं एकदाचं. तासाला साधारण 13 जीबी. काकांचा 32 जीबीचा पेन ड्राइव्ह अख्खा रिकामा, तरी फाइल घेईना. तो फॅट32 नावाच्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आणि त्यात एका फाइलला 4 जीबीच्या पुढं जाता येत नाही. हे काकांना समजावण्यापेक्षा पेन ड्राइव्ह नव्यानं फॉरमॅट करणं सोपं होतं.

काकांनी लग्न थेट पंगतीपर्यंत पळवलं. मठ्ठ्याची बादली घेतलेले स्वतः दिसले, तिथं थांबवलं, दोनदा बघितलं आणि बंद केलं. मग कॅसेट हातात घेऊन वजन अजमावल्यासारखी खालीवर केली.

"म्हणजे ही आता रिकामी झाली. पुढच्या महिन्यात नातवाचं बारसं हाय, ते ह्याच्यावरच भर."