खुलासा: फ्रान्समधलं ‘भाषा सहाय्यक’ पद म्हणजे कायमची नोकरी नव्हे
‘फ्रेंच येत नसलं तरी फ्रान्सच्या शाळेत इंग्रजी शिक्षकाची कायम नोकरी’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. हे पद भाषा सहाय्यकाचं. करार साधारण ७ महिन्यांचा, बहुधा ऑक्टोबर ते एप्रिल. काम आठवड्याला १२ तास. फ्रेंच यावंच लागतं. वर्गाची जबाबदारी शिक्षकांचीच. सहाय्यक पाच-सहा मुलांना शेजारच्या खोलीत घेऊन बसतो, एखादा फोटो पुढे ठेवून त्यांना बोलतं करतो. गुण देणं त्याच्याकडे नसतं. आणि हेच या कामाचं मोल, कारण भरल्या वर्गात गप्प बसणारी मुलं इथे तोंड उघडतात. मानधनात एकट्याचं जेमतेम भागतं, पॅरिसमध्ये तर घरभाड्यालाच ओढाताण होते. तेव्हा कर्ज काढून एजंटच्या हाती पैसे देऊ नका. अर्ज भारतातल्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमार्फत (फ्रेंच दूतावासाची सांस्कृतिक-शैक्षणिक संस्था) करता येतो.