वडिलांकडून घरखर्च घेते, हो

अण्णा कऱ्हाडजवळचं घर बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आले. मी त्यांच्याकडून दरमहा घरखर्चाचे पैसे घेते हे कळल्यापासून नातेवाइकांत माझं नाव पार बद्दू झालंय. "बापाकडून खाणावळीचे पैसे घेते म्हणे!" आत्याने तर फोनवर आवाजच चढवला. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरी जेवायचं नाही, अशा वळणात वाढलेली ती. तिच्या लेखी बापाने लेकीकडे राहणं हेच चुकलेलं, वर पैसे म्हणजे कहर. तिच्यावर माझा राग नाही, पण माझं मत पक्कं आहे. ज्याच्या हातात स्वतःचं उत्पन्न आहे असं मोठं माणूस घरात कायमचं राहायला आलं, तर त्याच्याकडून खर्चाचा वाटा घ्यावा. आणि तो सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर बसून ठरवावा.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पेन्शन व्यवस्थित येते. आई गेल्यावर काही काळ एकटे राहिले, मग आम्ही आग्रह केला म्हणून आले. आले ते पाहुण्यासारखे. पंखा लावू का, विचारायचे. गीझर न लावता गार पाण्याने अंघोळ. आमटी अळणी झाली तरी गुपचूप जेवायचे. आणि हा माणूस गावाकडे मिठाच्या एका कणावरून आईशी वाद घालायचा!

महिनाअखेरीस कालनिर्णयच्या मागे खोचलेलं एक पाकीट माझ्या नवऱ्याला सापडलं. आत पाचशेच्या नोटा, वर अण्णांच्या वळणदार अक्षरात 'घरखर्च'. नवरा ओशाळला. "अण्णा, लाजवता का आम्हाला?" अण्णा म्हणाले, "जावईबापू, सहलीला मुलांबरोबर जायचो तेव्हाही माझी वर्गणी मी वेगळी भरायचो. मला इथं राहायचंय, उतरायचं नाही."

मग रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. दूध, किराणा, भाजी, गॅस, वीज, पेपर आणि मावशींच्या पगारात झालेली वाढ, म्हणजे माणूस वाढलं की जे वाढतं ते सगळं माणशी वाटून घ्यायचं. आमच्या लेकीला अर्धं माणूस धरलं, त्यावर तिने तीव्र निषेध नोंदवला. घराच्या कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर आणि सोसायटीचा मेंटेनन्स यात अण्णांचा वाटा नाही. फ्लॅट आमच्या नावावर आहे, आणि मेंटेनन्स फ्लॅटमागे असतो, डोक्यामागे नाही. औषधं त्यांची ते आणतात. हॉटेलचं बिल त्या दिवशी ज्याला हुक्की येईल तो भरतो.

विजेवरून जरा चर्चा झाली. ३०० युनिटांच्या वर गेलं की अख्खं बिल चढ्या दराने येतं, असं नवरा ठामपणे सांगत होता. अण्णांनी चष्मा लावून महावितरणच्या बिलावरचा तक्ता वाचून दाखवला: १००, ३००, ५०० असे टप्पे आहेत आणि वरचा दर फक्त त्या वरच्या युनिटांनाच लागतो. त्या दिवसापासून ते गीझर लावतात. गेल्या आठवड्यात तर "आमटीत गूळ जास्त झालाय" असंही ऐकलं. आत्याला हे सांगून उपयोग नाही, पण मला जे हवं होतं ते हेच.

खरा अवघड भाग त्यानंतरचा. अण्णा एकदा म्हणाले, "एफडी मोडतो, तुमचं कर्ज फेडून टाकू." मी नाही म्हटलं. वडिलांनी मुलीला दिलेल्या पैशावर मुलीला प्राप्तिकर लागत नाही, हे मला माहीत आहे. पण बंगळूरला माझा एक भाऊ आहे. किराण्याचा वाटा ही एक गोष्ट आणि घराचं कर्ज ही वेगळीच. दुसरी पहिलीच्या आडून आली की भावाबहिणींत कायमचं वितुष्ट येतं. म्हणून महिन्याच्या हिशेबाच्या पानाचा फोटो अण्णा, भाऊ आणि मी अशा तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. भाऊ म्हणतो, "ताई, कशाला?" तरी टाकते.

आईवडिलांची जबाबदारी मुलाची, मुलीची नाही, असं अजूनही ऐकू येतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. त्याच्या बऱ्याच आधी, १९८७ साली, सर्वोच्च न्यायालयानेही विवाहित मुलीवर ही जबाबदारी येते असं सांगितलंय. तेव्हा "जावयाच्या घरी" हा सूर आता पुरे.

दुसरं मत याहून जोरात सांगते. त्यांच्याकडून वाटा घ्या, पण त्यांचं एटीएम कार्ड घेऊ नका. "अण्णा, तुम्ही कशाला उन्हात जाता, पिन सांगा" इथून सुरुवात होते आणि मग स्वतःच्याच पेन्शनमधून नातीला खाऊ द्यायला माणसाला हात पसरावा लागतो. अण्णांच्या खात्याला त्यांचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे, ओटीपी त्यांनाच येतो, आणि तो कोणाला सांगायचा नाही हे त्यांना तोंडपाठ आहे. मलासुद्धा सांगत नाहीत! पेन्शनचं खातं जसं होतं तसं ठेवलं. अडीअडचणीसाठी अण्णांचं आणि माझं एक वेगळं जोडखातं काढलं, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं. शाखा मात्र त्यांना बदलायची नाही. कऱ्हाडच्या शाखेतला शिपाई त्यांचा विद्यार्थी आहे, विषय संपला.

बाकी कागदपत्रं कंटाळवाणी पण करावीच लागतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, ते काढून घेतलं. गावच्या घराची घरपट्टी आहेच, आणि घर बंद असलं तरी विजेचा स्थिर आकार येतोच. तो खर्च अण्णांचा. मतदार यादीतलं नाव हलवायला मात्र ते तयार नाहीत. जिथे राहतो तिथे नाव हवं, हा नियम त्यांनी स्वतः निवडणुकीच्या ड्युट्या करताना शेकडो लोकांना समजावलाय. पण ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलीये म्हणतात. मी त्यात पडत नाही.

आणि गावच्या घराचं बक्षीसपत्र वगैरे कोणी सुचवलं तर मी विषय बदलते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, तो सांभाळ झाला नाही तर परत मिळवायची सोय त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. पण तिथवर जायची वेळच का आणावी?

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. उद्या अण्णांना दिवसभराचा मदतनीस लागला तर त्याचा पगार कोणी द्यायचा? पेन्शनमधून, भाऊ आणि मी निम्मा-निम्मा, की तिघं मिळून? अण्णांचं म्हणणं, "वेळ आली की बघू." माझं म्हणणं, वेळ आली की कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. दिवाळीत भाऊ येतोय, तेव्हा फराळाच्या आधी हा विषय काढणार आहे. आत्याही असेल. तुमच्या घरी हे कसं ठरवलंत, कोणी सांगाल का?