शीतकडीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी

गेले काही आठवडे फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतील बहुतेक कौटुंबिक गटांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या नातेवाईकांकडून आला. त्याचा मथितार्थ असा : मधुमेहात गोवा देशात पहिला आहे आणि त्याला शीत (भात), नुस्ते (मासे) व नारळ कारणीभूत आहेत. म्हणून भात बंद करून चपाती खावी आणि कोलेस्टेरॉलने भरलेला नारळ वर्ज्य करावा. मासे आणि दूध एकाच दिवशी पोटात गेल्यास कोड उठते, हे विज्ञानाने शंभर टक्के सिद्ध केले आहे. आयोडिनचे मीठ हे कंपन्यांचे कारस्थान असल्यामुळे सैंधव वापरावे. सकाळी उपाशीपोटी शरीरातले विष बाहेर काढणारे लिंबू-मधाचे पाणी, दिवसभरात चार लिटर पाणी आणि रोज 10,000 पावले एवढे पाळले की गोळ्या आणि रक्ततपासणी दोन्ही बंद करता येतात.

यातील पहिले अर्धे वाक्य, गोवा पहिला असल्याचे, खरे आहे, आणि संदेश इतका का पसरला याचे कारणही तेच असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत 20 वर्षांवरील व्यक्तींमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशभरात 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के आढळले. एवढे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. ही गोष्ट गंभीर आहे आणि ती झाकण्यात कोणाचेच हित नाही. मात्र त्याच सर्वेक्षणात चंडीगडचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर आहे, आणि चंडीगड काही शीतकडीवर जगत नाही. उलट ज्या बंगालात भाताशिवाय पान हलत नाही आणि जेवणात मासे असतात, तेथील प्रमाण गोव्याच्या जवळपास निम्मे आहे. भात आणि मासे हेच कारण असते तर हे आकडे असे आले नसते. सर्वेक्षणाने रुग्ण मोजले, आणि आरोपीचे नाव संदेश लिहिणाऱ्याने आपल्या पदरचे घातले.

भात सोडून चपाती खाण्याचा सल्ला मात्र थोडा बारकाईने तपासला पाहिजे, कारण तो अगदीच हवेतून आलेला नाही. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदके असतात, आणि 30 ग्रॅम कणकेच्या एका चपातीत ती 20 ते 22 ग्रॅम असतात. आपल्याकडे दुपारी ताटात पडणारा भाताचा ढीग सहज 300 ग्रॅमचा असतो, म्हणजे कर्बोदकांच्या हिशेबाने तो चार चपात्यांच्या बरोबरीचा झाला. भात सोडणारा माणूस मात्र चार चपात्यांवर थांबतोच असे नाही. भाताने पोट भरण्याची सवय असलेल्याला चपातीचा अंदाज येत नाही, आणि 'चपाती तर आहे' या समाधानात पाचवी व सहावीही पोटात जाते. याच सर्वेक्षणातील आहारविषयक माहितीवर आधारित जो अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा रोखही याच बाजूचा आहे. भारतीयांच्या आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि त्यांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून नुसते पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्य आणले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही, असे त्यात आढळले. कर्बोदकांचा काही भाग काढून त्या जागी डाळी, कडधान्ये किंवा दुग्धजन्य पदार्थांतील प्रथिने घेणाऱ्यांत मात्र धोका कमी दिसला. म्हणजे भाताला नुसते घराबाहेर काढून काहीच साधत नाही. त्याने ताटात व्यापलेली जागा कमी करून तेथे काय ठेवतो, याला महत्त्व आहे. ती जागा भरायला गोव्याच्या स्वयंपाकघरात काय कमी आहे? मुगागाठी आहेत, अळसांद्यांचे तोणाक आहे, कुळथाचे कळण आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आणि पुढे श्रावणात हेच पदार्थ आपण आवडीने खातो, पण मासळी बाजारात आली की कडधान्याचा डबा मागच्या फळीवर जातो. एरवीही आठवड्यातून चार दिवस तो पुढे राहिला, तर कोणाचे काय बिघडणार आहे?

आणखी एक गोष्ट संदेशकर्त्याच्या गावीही नाही, ती म्हणजे सगळा तांदूळ एक नसतो. उकडा तांदूळ तुसासकट उकडून वाळवला जातो, आणि त्या क्रियेत कोंड्यातील ब जीवनसत्त्वांचा बराचसा अंश दाण्यात उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला जे दिसले ते याच्याशी जोडलेले आहे : पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या, ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजाराने लुळ्या पडत होत्या, आणि कोंडा असलेल्या तांदळावर त्या सावरत होत्या. त्या कामासाठी त्याला 1929 मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. शिवाय उकड्याचा भात सहसा पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा सावकाश पचतो. सकाळची उकड्याची पेज हे चांगलेच खाणे आहे. तिच्यासोबत खाराचा तोर (मिठात मुरवलेली कैरी) किती खायचा, हा प्रश्न वेगळा आणि त्याकडे मिठाच्या मुद्द्यात यावेच लागेल.

नारळाबाबत संदेशातील विधान जसे आहे तसे चुकीचे आहे, कारण वनस्पतिजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच आणि नारळ त्याला अपवाद नाही. मात्र येथे आपण गोमंतकीयांनी लगेच हुरळून जाऊ नये. नारळातील स्निग्धांशाचा फार मोठा भाग संतृप्त (सॅच्युरेटेड) असतो, आणि असा स्निग्धांश यकृताला रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवायला लावतो. खोबरेल तेल आणि इतर वनस्पती तेले यांची तुलना करणाऱ्या 16 चाचण्यांचा जो एकत्रित आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात खोबरेल तेलाने हे कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी 10 मिलिग्रॅमने वाढल्याचे आढळले. म्हणून 'खोबरेल हे औषध आहे' असा जो दुसरा संदेश मधूनमधून फिरतो, तोही याच माळेतला मणी आहे.

प्रश्न मात्रेचा आहे, आणि तो घरच्या घरी मांडता येतो. ताज्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 33 ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातील 30 ग्रॅमच्या आसपास संतृप्त असतो. चौघांच्या हुमणाला, म्हणजे नारळ घातलेल्या माशांच्या आमटीला, अर्धा नारळ लागला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 40 ग्रॅम खोबरे, म्हणजे 12 ग्रॅम संतृप्त स्निग्धांश येतो. दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा सुमारे 22 ग्रॅम आहे. एका वेळच्या हुमणाने ती ओलांडली जात नाही. ती ओलांडली जाते दुपारी हुमण, जोडीला सोलकढी, खोबरेलात तळलेले बांगडे, भाजीवर मूठभर ओले खोबरे आणि रात्री पुन्हा तेच असे झाल्यावर. सोलकढीचे एक वेगळेच आहे. पिळून काढलेल्या रसात स्निग्धांश येतो, पण तंतूंचा मोठा भाग असलेला चोथा आपण टाकून देतो. सोलांचे साधे सार नारळाच्या रसाशिवायही उत्तम लागते, हे माझे वैयक्तिक मत मी या निमित्ताने नोंदवून ठेवतो. घरात त्याला पाठिंबा नाही.

प्रशांत महासागरातील टोकेलाऊ बेटांवरील लोक निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातून मिळवत आणि तरीही त्यांच्यात हृदयविकार विरळा होता, हा 1981 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नारळाचे वकील नेहमी पुढे करतात. तो खरा आहे. पण त्या लोकांचे कोलेस्टेरॉल कमी नारळ खाणाऱ्या दुसऱ्या एका बेटावरील लोकांपेक्षा जास्तच होते, आणि त्यांच्या आहारात मासे भरपूर व साखर अगदी थोडी होती. ते होडी वल्हवून मासे पकडत होते, आपण स्कूटरवर बसून ते आणायला जातो.

मासे आणि दुधाबद्दल बोलताना एक भेद राखला पाहिजे. आयुर्वेदात या जोडीला विरुद्धाहार म्हटले आहे, आणि ती परंपरा पाळायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण कोडाशी तिचा संबंध विज्ञानाने सिद्ध झाला आहे, हे विधान सपशेल खोटे आहे. कोड हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने त्वचेतील रंगपेशींवरच हल्ला केल्यामुळे होतो. तो संसर्गजन्य नाही आणि कोणत्याही जेवणाची शिक्षाही नाही. ज्यांच्या अंगावर असे डाग असतात, त्यांना लग्नकार्यात आधीच पुष्कळ सोसावे लागते, आणि असे संदेश त्यात भर घालतात. माशांनी अंगावर चट्टे उठल्याचे अनुभव लोक सांगतात, त्यांचे कारण बहुधा वेगळेच असते. बांगडा, तारले, टूना यांसारखी मासळी बर्फाशिवाय राहिली की तिच्यातील हिस्टिडिन या घटकापासून जिवाणू हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही. अशी मासळी खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते आणि डोके दुखते. म्हणून दुपारी उन्हात उरलेल्या स्वस्त बांगड्यांच्या वाट्याला जाऊ नये. बर्फातला ताजा बांगडा मात्र आठवड्यातून दोनदा खावा. ओमेगा-3 स्निग्धाम्लांचा इतका स्वस्त आणि चांगला पुरवठा दुसरा नाही. तो रव्यात घोळून तळण्यापेक्षा हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात केला तर उत्तम.

सैंधवाचा मुद्दा लहान आहे, पण चुकला तर महागात पडणारा आहे. सैंधव हेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे रक्तदाबाच्या दृष्टीने त्यात आणि साध्या मिठात नाव घेण्याजोगा फरक नाही. फरक आहे तो आयोडिनचा. भारतात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, त्यामागे हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडिनयुक्त मिठाचे केलेले प्रयोग होते. प्रौढाला दिवसाला अवघे 150 मायक्रोग्रॅम आयोडिन पुरते, पण गर्भवतीला ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. समुद्राची मासळी नेमाने खाणाऱ्याला काही आयोडिन तिच्यातून मिळते, परंतु समुद्रापासून दूर सत्तरी तालुक्यातील शाकाहारी घराला ती सोय नाही. आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरातील जाडे मीठ आपल्याला प्रिय आहे आणि लोणच्याला तेच लागते, हे मान्य आहे. पण रोजच्या आमटीत आयोडिनचेच असावे. आणि दोन्ही मिळून दिवसाला 5 ग्रॅमच्या, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याच्या आत असावे. खाराचा तोर, सुके बांगडे, पापड आणि लोणचे हे सगळे त्याच चमच्यातून वजा होते.

लिंबू-मधाच्या पाण्याने विष बाहेर पडत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे न सांगता करत असतात, आणि मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. लिंबू आवडत असेल तर जरूर प्यावे. मध मात्र मधुमेह्याच्या दृष्टीने साखरच आहे, आणि मधुमेह टाळण्याच्या संदेशात तो उपाशीपोटी घ्यायला सांगावा, हे विनोदी आहे. ठरावीक लिटर पाण्याच्या हट्टाचे मूळ 1945 मधील एका अमेरिकी शिफारशीत सांगितले जाते. तिच्यात अडीच लिटरचा उल्लेख होता, पण त्यातील बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते, हे पुढचे वाक्य लोक विसरले. मे महिन्यात शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला चार लिटरही कमी पडतील. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना मात्र तेवढे पाणी घातक ठरू शकते. 10,000 पावलांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला. पुढील अभ्यासांत साठी ओलांडलेल्यांना 6,000 ते 8,000 पावलांपर्यंतच बहुतेक लाभ मिळतो असे दिसले. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याने रक्तातील साखर तेवढी चढत नाही, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही.

संदेशात जे लिहिलेले नाही तेही पाहण्यासारखे आहे. सकाळी उंड्यासोबत (गोल पावासोबत) पातळ भाजी आणि दोन चमचे साखरेचा चहा, साडेदहाला पुन्हा चहा, संध्याकाळी मिरची-भजी, एखादा गोड बन किंवा बाटलीतले थंड पेय, आणि शनिवारी रात्री पेला. दोन जेवणांच्या मधल्या या खाण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शीताला दोष देणे सोपे आहे, कारण ते ताटात समोर दिसते. चहासोबतच्या बिस्किटांचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

राहिली शेवटची ओळ, गोळ्या आणि तपासणी बंद करण्याची. आमच्या शेजारच्या काकींनी संदेश वाचून एके दिवशी भात एकदम बंद केला, पण साखर उतरवणारी गोळी मात्र सवयीने घेतली. दुपारी देवघरासमोर त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, आणि नातवाने साखरेचे पाणी पाजल्यावर त्या सावरल्या. इन्शुलिन किंवा अशा काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांशी न बोलता कर्बोदके अचानक तोडली, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. आणि ज्यांना गोळ्या नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसते, कारण सुरुवातीची कित्येक वर्षे तो काहीच दुखवत नाही. तिशी ओलांडलेल्याने सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन उपाशीपोटीची साखर पाहून घ्यावी. ती 126 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली, तर तपासणी पुन्हा करून निदान पक्के करतात. काकी आता एक डाव उकड्याचा भात, वाटीभर तोणाक आणि तांबडी भाजी घेतात, आणि गोळीची मात्रा त्यांच्या डॉक्टरांनी नव्याने ठरवून दिली आहे. तो संदेश त्यांना पाठवला होता त्यांच्याच भाच्याने, आणि गेल्या आठवड्यात त्याने तो पुन्हा पाठवला.