व्हिडिओ नंतर काढा, आधी फोन लावा!

रुळाशेजारचं कुंपण कापून लोकांनी चक्क पायवाट पाडलीय, आणि रोज तिथून ये-जा करणाऱ्या एकालाही ते कळवावंसं वाटत नाही! फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीचा, बोल्ट गायब दिसो, रुळावर रचलेले दगड दिसोत, नाहीतर फाटकात अडकलेला ट्रक. खिशातून मोबाइल निघतो तो व्हिडिओ काढायला. अरे, त्याच मोबाइलवरून रेल्वेला फोन लावा ना! ताशी 90 किलोमीटरने येणाऱ्या भरलेल्या मालगाडीला थांबायला दीड किलोमीटरही लागू शकतो. चालकाला अडथळा दिसतो तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. गाडी वाचते ती आधी मिळालेल्या निरोपामुळे. शेकडो किलोमीटरच्या रुळांवर पोलीस उभे तरी कुठे कुठे करणार? आणि आपण म्हणायचं, "रेल्वेवाले बघून घेतील." कसे बघतील, कुणी सांगितलंच नाही तर?